'वेडा महंमद' आणि इतिहासाचा वर्ग : महंमद बिन तुघलकाच्या वादग्रस्त प्रतिमेच्या अध्यापनाविषयी एक विचार

प्रस्तावना

मध्ययुगीन भारतातील ज्या राजांची नावे सामान्य बोलण्यात विशेषणे होऊन राहिली, त्यांत दिल्लीचा सुलतान महंमद बिन तुघलक (कारकीर्द १३२५ ते १३५१) याचे स्थान वेगळे आहे. एखादा निर्णय अविचारी वाटला की मराठी वृत्तपत्रे त्यास 'तुघलकी' म्हणतात. सातशे वर्षांपूर्वीच्या राजाचे नाव इतक्या सहजतेने वापरणाऱ्या वाचकास त्या राजाविषयी प्रत्यक्षात काय ठाऊक असते, असे विचारल्यास उत्तर बहुधा दोन वाक्यांत संपते : त्याने राजधानी दिल्लीहून दौलताबादेस नेली व परत आणली; त्याने तांब्याची नाणी चांदीच्या मोलाने चालवली. या दोन वाक्यांपुढे 'म्हणून तो वेडा' हा निष्कर्ष जोडला की पाठ पूर्ण होतो. हा निष्कर्ष विद्यार्थी शाळेत शिकतो आणि पदवीच्या वर्गात येतो तोही त्याच्यासह.

प्रस्तुत लेखात या प्रतिमेची घडण, तिच्या मुळाशी असलेली साधने आणि शालेय स्तरावर तिचे अध्यापन कसे व्हावे, या तीन बाबींचा विचार केला आहे. 'वेडा' हे विशेषण इतिहासदृष्ट्या अपुरे तर आहेच. परंतु शिक्षणदृष्ट्या त्याहून मोठी हानी करणारे आहे. त्यामुळे विद्यार्थ्याची चौकशी थांबते, आणि ज्याच्या कृत्यांची जबाबदारी ठरवावयाची त्या राजाला त्या जबाबदारीतून मोकळे केले जाते, असे येथे प्रतिपादन आहे.

प्रतिमेची घडण

महंमद तुघलकाच्या समकालीनांनी त्याच्यावर कठोर आरोप केले. परंतु त्यांच्या लेखनातून उभा राहतो तो विद्वान, तर्कपटू, दानशूर आणि भयंकर असा पुरुष. त्याला मनोविकृतीच्या चौकटीत बसवण्याचे काम प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी इतिहासलेखनाने केले. मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारताच्या इतिहासात सुलतानाच्या असामान्य गुणांची नोंद करून, त्याच्या बुद्धीत काही अंशी वेडाची छटा असावी काय, अशी शंका व्यक्त केली. शंकेच्या रूपात आलेले हे विधान पुढील क्रमिक पुस्तकांत निर्णय बनले. इलियट व डाउसन यांनी फारसी तवारिखांचे निवडक उतारे इंग्रजीत आणले. त्यांचा तिसरा खंड १८७१ मध्ये निघाला आणि त्यात झियाउद्दीन बरनीचा मजकूर आला. इंग्रजी राजवटीचे लाभ प्रजेस उमगावेत हा हेतू इलियट यांनी १८४९ मध्येच उघडपणे मांडला होता. उताऱ्यांच्या निवडीवर त्याची छाया पडणे स्वाभाविक होते.

विसाव्या शतकात या प्रतिमेस आव्हान मिळाले. ईश्वरी प्रसाद (१९३६) आणि महदी हुसेन (१९३८) यांनी स्वतंत्र ग्रंथांतून सुलतानाच्या योजनांमागील तर्क शोधला. पीटर जॅक्सन यांच्या १९९९ च्या दिल्ली सल्तनतीवरील ग्रंथात हे प्रश्न मंगोल आक्रमणे, सैन्यखर्च व महसूल यांच्या संदर्भात तपासले गेले. दरम्यान साहित्यानेही आपला तुघलक घडवला. गिरीश कार्नाड यांचे कन्नड नाटक 'तुघलक' १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले व विजय तेंडुलकरांच्या अनुवादाने ते मराठी रंगभूमीवर आले. ते नाटक चौदाव्या शतकाचे साधन नव्हे; स्वातंत्र्योत्तर पिढीच्या आशाभंगाचे ते साधन आहे. हा भेद महाविद्यालयीन वर्गात स्पष्ट करावा लागतो, कारण अनेक मराठी वाचकांच्या मनातील सुलतान बरनीपेक्षा कार्नाडांचा अधिक असतो.

या वादाचा पडसाद पाठ्यपुस्तकांत अल्पच उमटला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या २००७ च्या सातवीच्या पुस्तकात अलाउद्दीन खलजी व महंमद तुघलक यांच्या धोरणांची तुलना तक्त्याच्या रूपात देण्यात आली होती. तो एक स्तुत्य प्रयत्न होता. २०२२ च्या सुसूत्रीकरणात त्या पुस्तकातील सुलतानशाहीचा बराच मजकूर वगळला गेला आणि २०२५ मध्ये तो विषय नव्या आठवीच्या पुस्तकात आला. महाराष्ट्र राज्याच्या २०१७ च्या सातवीच्या पुस्तकात मराठ्यांच्या इतिहासाला केंद्रस्थान मिळाले व दिल्लीच्या सुलतानांचा भाग आक्रसला. अभ्यासक्रमात काय असावे यावर मतभेद संभवतात. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी लागते : मजकूर आटला तरी विशेषण आटत नाही. पुस्तकातून तुघलक गेला तरी 'तुघलकी' हा शब्द राहतोच. फरक इतकाच की आता त्याच्या मागे दोन वाक्यांचाही आधार उरत नाही.

साधने आणि साक्षीदार

या कारकिर्दीविषयीची प्रमुख कथनात्मक साधने मोजकी आहेत, आणि प्रत्येक साक्षीदाराचे सुलतानाशी असलेले नाते ठाऊक आहे. अध्यापनासाठी ही परिस्थिती अत्यंत अनुकूल होय.

झियाउद्दीन बरनी सुमारे सतरा वर्षे सुलतानाच्या दरबारात होता. 'तारीख-इ-फिरोझशाही' त्याने १३५७ मध्ये पूर्ण केली, ती सुलतानाच्या मृत्यूनंतर, स्वतः पद व मालमत्ता गमावून वृद्धापकाळी हलाखीत असताना. तो दोआबातील बरन, म्हणजे आजचे बुलंदशहर, येथील घराण्याचा. आणि सुलतानाच्या करवाढीने व दमनाने जो प्रदेश उद्ध्वस्त झाला त्यात बरनही होते. कुलीनतेचा त्याला अभिमान होता. हलक्या समजल्या जाणाऱ्या कुळांतील माणसांना सुलतानाने मोठी पदे दिली याचा त्याला विलक्षण राग होता. तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र यांच्या संगतीने सुलतानाचे हृदय कठोर झाले, असे त्याचे निदान होते. तरीही या ग्रंथात एक दुर्मीळ प्रामाणिकपणा आढळतो : सुलतानासमोर सत्य बोलण्याचे धैर्य आपणास व आपल्यासारख्या दरबाऱ्यांस झाले नाही, याची कबुली तो देतो.

इसामी या कवीने 'फुतूह-उस-सलातीन' हे फारसी पद्यकाव्य १३५० मध्ये दख्खनमध्ये पूर्ण केले. स्थलांतराच्या वेळी तो कोवळ्या वयात आपल्या नव्वद वर्षांच्या आजोबांसह दिल्लीहून निघाला होता. आजोबा तिलपत या पहिल्याच मुक्कामी वारले. त्याचा आश्रयदाता अलाउद्दीन हसन बहमनशाह हा महंमद तुघलकाविरुद्धच्या बंडातून १३४७ मध्ये गादीवर आलेला होता. इसामीची व्यथा खरी होती आणि त्याच्या आश्रयदात्याची गरजही खरी होती. जुना सुलतान जितका दुष्ट ठरेल, तितके नवे राज्य न्याय्य ठरणार होते.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३४ मध्ये दिल्लीस पोहोचला. सुलतानाने त्याला काझीपद व भरघोस वेतन दिले. पुढे तो संशयाच्या फेऱ्यात सापडला, प्राणभयात दिवस काढले आणि अखेर १३४२ मध्ये चीनकडे वकील म्हणून रवाना झाला. आपला वृत्तांत त्याने १३५५ मध्ये मायदेशी सुरक्षित असताना लिहवून घेतला. सुलतानाचे औदार्य व रक्तपात या दोहोंची वर्णने त्याच्याकडे सारख्याच ठळकपणे येतात. एका मुलाने सुलतानाने आपल्याला विनाकारण मारल्याची फिर्याद केली, तेव्हा सुलतानाने त्याच्या हाती काठी देऊन एकवीस फटके खाल्ले, हे आपण स्वतः पाहिल्याचे तो सांगतो. प्रतिष्ठित शेख शिहाबुद्दीन यांना सुलतानाने ठार केल्याचेही तोच सांगतो.

चौथा साक्षीदार शालेय पुस्तकांत सहसा येत नाही. जैन आचार्य जिनप्रभसूरी यांची १३२८ मध्ये दिल्लीत सुलतानाशी भेट झाली. त्यांना सन्मान मिळाला व महावीरांची एक मूर्ती परत देण्यात आली. 'विविधतीर्थकल्प' या त्यांच्या ग्रंथात सुलतानाविषयी आदराचे उल्लेख आहेत. याच्या उलट इसामी सुलतानाला धर्मबाह्य ठरवतो. कठोरातली कठोर टीका मुस्लिम अमीर-उलेमांच्या वर्तुळातून आणि प्रशंसा जैन आचार्यांकडून यावी, ही वस्तुस्थिती विद्यार्थ्यांसमोर आली पाहिजे. मध्ययुगीन राजाविषयीचे मत लेखकाच्या व राजाच्या धर्मावरून आधीच सांगता येते, ही समजूत तिच्यापुढे टिकत नाही.

राजधानीचे स्थलांतर : एका घटनेची तीन कारणे

दौलताबादचा प्रसंग अध्यापनासाठी सर्वांत उपयुक्त आहे, कारण तिन्ही प्रमुख साक्षीदार त्याची तीन वेगवेगळी कारणे देतात. बरनीच्या मते देवगिरी साम्राज्याच्या मध्यभागी होती, म्हणून सुलतानाने ती निवडली. इसामीच्या मते दिल्लीकरांविषयीचा संशय व त्यांचे बळ मोडण्याची इच्छा हे कारण होते. इब्न बतूता सांगतो की दिल्लीचे लोक रात्री दरबारात सुलतानास शिव्या देणारी पत्रे टाकीत, त्याची ही शिक्षा होती. घटना १३२७ ते १३२९ च्या दरम्यानची. म्हणजे इब्न बतूता येण्यापूर्वी पाच ते सात वर्षे घडून गेलेली. एका आंधळ्या माणसास दिल्लीहून फरफटत नेले व दौलताबादेस त्याचा केवळ पाय पोहोचला, ही त्याची प्रसिद्ध कथा ऐकीव आहे.

दिल्ली पूर्णतः ओस पडली, हे विधान तपासण्यासही साधने आहेत. दिल्ली परिसरातील सरबन येथील विक्रम संवत १३८४ चा (इ. स. १३२७-२८) संस्कृत शिलालेख एका व्यापारी कुटुंबाने विहीर बांधल्याचे नोंदवतो, आणि हरियाणा देशातील ढिल्लिका नगरीची स्तुती करतो. सुलतानाच्या सांकेतिक चलनाची १३३० नंतरची नाणी दौलताबादप्रमाणेच दिल्लीच्या टांकसाळीतही पाडली गेली. ज्या शहरात विहिरी बांधल्या जातात आणि टांकसाळ चालते, ते संपूर्ण निर्जन असू शकत नाही. दरबार, अधिकारी, उलेमा, सूफी व त्यांचे परिवार यांना मोठ्या प्रमाणावर हलवले गेले आणि सामान्य प्रजेपैकी अनेक मागे राहिले, असा निष्कर्ष अधिक सयुक्तिक ठरतो.

तथापि, यामुळे सुलतानाची बाजू आपोआप बळकट होत नाही. ज्यांना हलवले गेले त्यांच्यासाठी चाळीस दिवसांची ती वाट सक्तीची होती. वाटेवर झाडे व मुक्काम होते म्हणून तिलपतचा मृत्यू टळला नाही. पुढे काही वर्षांतच लोकांना परतण्याची मुभा देण्यात आली, तेव्हा सर्व हालअपेष्टा व्यर्थ ठरल्या, असे दिल्लीकरांना वाटले असल्यास नवल नाही. दख्खनच्या दृष्टीने मात्र परिणाम चिरस्थायी झाले. सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिज्झी दिल्लीहून आले, ते येथेच राहिले. दोघांच्याही कबरी खुलताबादेस आहेत. दौलताबादेत स्थिरावलेल्या अमीरांच्या बंडातूनच बहमनी राज्य उदयास आले. महाराष्ट्राच्या पुढील दोन शतकांचा राजकीय इतिहास त्या एका 'फसलेल्या' निर्णयाशी जोडलेला आहे, आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातील शाळांना तो इतिहास सहलीच्या अंतरावर उपलब्ध आहे.

नाणी, महसूल आणि दुष्काळ

सांकेतिक चलनाचा प्रयोग सुमारे दोन वर्षे, १३३० ते १३३२ च्या सुमारास, चालला. स्वस्त धातूवर राजसत्तेच्या शब्दाने मूल्य चढवण्याची कल्पना आजच्या विद्यार्थ्यास मुळीच विचित्र वाटू नये. त्याच्या खिशातील नोट त्याच तत्त्वावर चालते. चीनमध्ये कागदी चलन रूढ होते. इराणात १२९४ मध्ये ते आणण्याचा प्रयत्न फसला होता. दिल्लीत प्रयोग फसला तो बनावट नाणी रोखण्याची व्यवस्था नसल्यामुळे. येथे वर्गात एक साधा प्रश्न पुरेसा ठरतो : नोट खरी की खोटी हे आज कशावरून ओळखता येते, आणि तांब्याच्या नाण्यावर तशी कोणती खूण करता आली असती? प्रयोग मागे घेताना सुलतानाने आणून दिलेली नाणी खजिन्यातून सोन्याचांदीत बदलून दिली, हेही सांगितले पाहिजे. वेड्या समजल्या गेलेल्या राजाने आपल्या शब्दाची किंमत खजिना रिता करून चुकवली.

दोआबाचा प्रसंग याहून गंभीर आहे आणि पुस्तकांत त्याला सर्वांत कमी जागा मिळते. करवाढ नेमकी किती झाली याविषयी बरनीची शब्दयोजना संदिग्ध आहे. एकास दहा व एकास वीस असा तिचा शब्दशः अर्थ होतो, आणि अभ्यासकांनी तो दहा-वीस पटींपासून निव्वळ अलंकारिक अतिशयोक्तीपर्यंत वेगवेगळा लावला आहे. परंतु शेतकऱ्यांनी शेते सोडली, त्यांच्यावर सैन्य चालून गेले, आणि १३३४-३५ पासून अनेक वर्षांचा दुष्काळ त्यावर कोसळला, याविषयी फारसा वाद नाही. त्याच सुलतानाने पुढे गंगाकाठी स्वर्गद्वारी येथे तळ हलवून अवधमधून धान्य आणवले, विहिरी व बियाण्यासाठी तगाई दिली आणि शेतीसुधारणेसाठी स्वतंत्र खाते काढले. नुकसान करणारा आणि ते भरून काढू पाहणारा हात एकच होता. हे दोन्ही एका पाठात सांगितले जात नाही, तोवर राज्यकारभार म्हणजे काय हे विद्यार्थ्यास कळणे अवघड आहे.

वेड आणि जबाबदारी

प्रतिमाशुद्धीच्या उत्साहात दुसऱ्या टोकास जाण्याचा धोका आहे. 'काळाच्या पुढे असलेला, लोकांनी न समजून घेतलेला प्रतिभावंत' ही प्रतिमाही 'वेडा' इतकीच सोयीची व तितकीच अपुरी आहे. पहिल्या प्रतिमेत दोष राजाच्या मेंदूचा ठरतो, दुसऱ्या प्रतिमेत प्रजेच्या अज्ञानाचा. दोन्हींत निर्णयाची नैतिक जबाबदारी कोणावरच येत नाही. वेडा मनुष्य आपल्या कृत्यांस जबाबदार नसतो, हे व्यवहारातील सर्वमान्य तत्त्व आहे. तेव्हा ज्या सुलतानाने विचारपूर्वक आज्ञा दिल्या, परिणाम पाहिले, काही आज्ञा मागे घेतल्या व काही शिक्षा अधिक कठोर केल्या, त्याला वेडा म्हणणे म्हणजे नकळत दोषमुक्त करणे होय.

त्याच्या क्रौर्याविषयी एक पुरावा असा आहे की तो शत्रूचा म्हणून नाकारता येत नाही. महंमदानंतर त्याचा चुलतभाऊ फिरोझशाह गादीवर आला. आपल्या पूर्वसुरीविषयी त्याला आदर व कृतज्ञता होती. 'फुतूहात-इ-फिरोझशाही' या आपल्या कार्याच्या निवेदनात तो नोंदवतो की महंमदाच्या आज्ञेने ज्यांचे प्राण गेले त्यांच्या वारसांना, आणि ज्यांचे हात, पाय, डोळे, नाक गेले त्यांना, त्याने देणग्या देऊन संतुष्ट केले. त्यांच्याकडून साक्षीनिशी क्षमापत्रे घेतली. आणि ती पेटीत घालून महंमदाच्या कबरीच्या उशाशी ठेवली, ईश्वराने त्याच्यावर कृपा करावी म्हणून. त्या पत्रांमागील माणसांनी खरोखर क्षमा केली की देणगी स्वीकारून अंगठा उठवला, हे त्या निवेदनावरून सांगता येत नाही. परंतु सुलतानाच्या माघारी त्याच्या सर्वांत जवळच्या वारसाला हा हिशेब चुकता करण्याची निकड भासली, ही गोष्ट कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक बोलकी आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिक्षांची बीभत्स वर्णने सांगण्याची आवश्यकता नाही. ही पेटी पुरेशी आहे.

अध्यापनाची दिशा

वरील विवेचनाच्या आधारे शालेय स्तरासाठी तीन पायऱ्या सुचवता येतात. पहिली पायरी साक्षीदाराची ओळख. स्थलांतराविषयी बरनी, इसामी व इब्न बतूता यांचे कथन सोप्या मराठीत, प्रत्येकी चार-पाच ओळींत द्यावे, आणि विद्यार्थ्यांनी चार रकाने भरावेत : कोण लिहितो, केव्हा, कुठे बसून, आणि त्याने काय गमावले अथवा मिळवले. दुसरी पायरी वस्तूंची. शिलालेख व नाणे यांचा मजकूर ठेवून, कोणते कथन त्यांच्याशी जुळते आणि कोणते जुळत नाही, ते पाहावे. तिसरी पायरी निर्णयाची. हेतू, मार्ग आणि परिणाम वेगळे करून, परिणाम कोणी भोगला, हा प्रश्न शेवटी विचारावा.

यास वेळ लागतो, ही आक्षेपाची बाजू रास्त आहे. सर्व सुलतानांसाठी असे करणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. वर्षातून एका राजाचा पाठ असा झाला तरी पुरे. खरी अडचण मूल्यमापनाची आहे. 'महंमद तुघलकास वेडा का म्हणतात?' अशा स्वरूपाचा प्रश्न जोवर विचारला जाईल, तोवर वर्गातील चर्चा उत्तरपत्रिकेपर्यंत पोहोचणार नाही. त्याऐवजी 'दिल्ली ओस पडली या विधानाच्या बाजूने एक व विरुद्ध एक पुरावा द्या' असा प्रश्न चार गुणांचाही होऊ शकतो आणि त्याचे उत्तर तपासणे कठीण नाही.

येथे महाविद्यालयांची भूमिका येते. शाळेत इतिहास शिकवणारे शिक्षक महाविद्यालयांतूनच घडतात. पदवीच्या वर्गात बरनीचे नाव केवळ 'साधने' या प्रकरणातील यादीत येत असेल आणि तुघलकाच्या प्रकरणात त्याचा विसर पडत असेल, तर शालेय शिक्षकाकडून साधनचिकित्सेची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. फारसी ग्रंथांतील निवडक उताऱ्यांचे मराठी अनुवाद टिपणांसह शिक्षकांस उपलब्ध करून देणे हे इतिहास विभागांना सहज उचलता येण्यासारखे काम आहे.

समारोप

महंमद तुघलक थोर होता की वेडा, या प्रश्नाचे उत्तर शाळेत मिळणे आवश्यक नाही. प्रश्नच बदलणे आवश्यक आहे. बरनीने भीतीने मौन पाळले व वृद्धपणी त्याची कबुली दिली. इसामीने आजोबांच्या मृत्यूचे दुःख आणि आश्रयदात्याची सोय एकाच काव्यात ओवली. इब्न बतूताने पाहिलेले व ऐकलेले शेजारी शेजारी ठेवले. या तिघांना नीट वाचणारा विद्यार्थी कोणत्याही काळातील सत्ताधीशाविषयीच्या स्तुतीस व निंदेस तोच प्रश्न विचारील : हे कोण सांगत आहे, आणि ज्यांच्यावर हे गुदरले त्यांचे म्हणणे कुठे आहे? फिरोझशाहाच्या त्या पेटीतील एकही पत्र आज उपलब्ध नाही. त्या पत्रांवर ज्यांच्या खुणा होत्या त्यांची आठवण ठेवण्यास 'वेडा' हा शब्द पुरत नाही, आणि 'प्रतिभावंत' हा शब्दही पुरत नाही.